नव्या अध्यक्षासाठी गाऱ्हाणं

देवापुढे नारळ ठेवून गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं आणि सवयीने त्या परक्या देशाच्या जुन्याच अध्यक्षाचं नाव घेतलं. शेवंतीने त्याला तिथेच अडवलं.

“तो निवडणुकीत पडलो, दादा. आता दुसरो इलो.”

चौदा महिने झाले, तिचा लेक मालवाहू बोटीसकट त्या देशाच्या बंदरात अडकून पडला होता. लढाई थांबत नव्हती आणि बाहेरच्या समुद्रात सुरुंग पेरलेले होते. दर सोमवारी गुरव त्या अध्यक्षासाठी सुबुद्धी मागायचा आणि देवळातले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणायचे. नवा माणूस लढाई मिटवायची भाषा करतोय, असं काल लेकाने फोनवर सांगितलं. मग हळूच म्हणाला, “पण पयलोसुद्धा सुरवातीक असाच बोलायचो, आये.”

गुरव खोळंबला होता. “मगे नव्यासाठी काय मागू, वयनी? सुबुद्धीच?”

शेवंतीने नारळाची शेंडी देवाकडे नीट वळवली.

“नको,” ती म्हणाली. “त्याची आई जिती आसांदे. बाकीचा ती बघतली.”