बिघाडाची वही

साल एकोणीसशे अडुसष्ट. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली. एसटीच्या गाडीत चौपन्न माणसं बसली होती, इंजिन चालू होतं, आणि ड्रायव्हर खाली उतरून मिस्त्रीच्या टेबलावर वाकला होता. बिघाडाच्या वहीत तो काहीतरी लिहीत होता.

त्या वहीचा तेव्हा डेपोत दरारा होता. गाडीत काही खोट आढळली की ड्रायव्हरने ती वहीत लिहायची. मिस्त्रीने ती दुरुस्त करायची आणि खाली सही ठोकायची. सही पडेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जात नसे, मग आत कोणी का बसलेलं असेना.

"घड्याळराव, बिघाड लिहिताय की आत्मचरित्र?" कंडक्टर पायरीवरून ओरडला. गाडीत हशा पिकला. ड्रायव्हरची गाडी पाहून लोक आपली घड्याळं लावायचे, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. एकोणीस वर्षांत त्याची गाडी एकदाही उशिरा सुटली नव्हती.

त्याने पेन खाली ठेवलं. मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचलं.

'गाडी ठीक आहे. चालकात बिघाड. झोप लागत नाही. पुलावर हात बधिर होतात, छाती धडधडते.'

त्याने वहीची मागची पानं चाळली. गेल्या चार महिन्यांत याच ड्रायव्हरने संध्याकाळी गाडी परत लावताना पाच वेळा 'इंजिन तापतं' असं लिहिलं होतं. पाचही वेळा मिस्त्रीने इंजिन उघडलं होतं. पाचही वेळा त्याला काही सापडलं नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजर आला. त्याने वही उलटी फिरवून वाचली आणि त्याचा आवाज चढला.

"हा काय चावटपणा? ही वही गाड्यांची आहे, माणसांची नाही. खोड ती ओळ आणि चढ वर."

"नाही खोडणार, साहेब. काल पुलावर मला समोरचा रस्ता दिसेनासा झाला. मागे बायामुलं बसली होती."

"अरे बाबा, ताप आला म्हण, कंबर धरली म्हण. डोक्याचं असं कागदावर गेलं की जन्मभर चिकटतं."

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तो घाबरला होता. ड्रायव्हर ऐकेना, तेव्हा त्याने रखवालदाराला मागच्या क्वार्टरमध्ये धाडलं. बायकोचं तरी ऐकेल, असं त्याला वाटलं.

ती ओल्या हातांनीच आली. तिला सगळं ठाऊक होतं. पहाटे जाग यावी आणि नवरा भिंतीला टेकून बसलेला दिसावा, हे ती चार महिने बघत होती. शेजारणींना ती सांगायची, पित्त झालंय. नवऱ्याला मात्र तिनेच बजावलं होतं, "इंजिनावर ढकला, पण हे कुणाला बोलू नका. पोर लग्नाची आहे. वेड्याच्या घरची म्हणतील तिला."

"वहिनी, तुम्हीच समजवा याला," मॅनेजर म्हणाला. "ओळ खोडू दे. तापाची म्हणून आठ दिवस रजा देतो. कुणाला कळायचं नाही."

तिने पदराला हात पुसले. ओळीखाली बोट धरून तिने सावकाश वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. ड्रायव्हर जमिनीकडे बघत उभा होता. तिला न विचारता त्याने लग्नानंतर केलेलं हे पहिलं काम होतं. गाडीतली माणसं खिडक्यांतून माना बाहेर काढून बघत होती.

"पेन द्या," ती म्हणाली.

मॅनेजरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं.

तिने ओळ खोडली नाही. तिच्याखाली गोल, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बिघाड चार महिन्यांचा आहे. इंजिनाचं नाव मी घ्यायला लावलं.' खाली स्वतःची सही केली आणि पेन परत केलं.

"अहो वहिनी, हे काय केलंत?"

"यांनी अर्धवटच लिहिलं होतं, साहेब. अर्धवट तक्रारीवर मिस्त्री दुरुस्ती तरी कशी करणार?"

कंडक्टर पायरीवरून खाली उतरला. मिस्त्रीने वही स्वतःकडे ओढली, 'चालकास थांबवले' असं लिहिलं आणि सही केली. दुसरा ड्रायव्हर येऊन गाडी सुटायला सात वाजले. तोवर नवराबायको अंगण ओलांडून घरी निघाली होती. बायको मुद्दाम खिडक्यांच्या बाजूने चालली, मान ताठ ठेवून, बघणाऱ्यांकडे बघत.

पुढे मोठ्या गावी मनाचे डॉक्टर मिळाले. अकरा महिने तो टायरच्या गोदामात बसला, दर महिन्याला तिच्यासोबत औषधाला गेला. मग पुन्हा चाकावर बसला तो बारा वर्षं. पहिल्या दिवशी पूल ओलांडताना ती त्याच्या मागच्याच बाकावर होती. मॅनेजरची बदली झाली. कंडक्टरने दोन वर्षांनी त्याच वहीत स्वतःबद्दल एक ओळ लिहिली, ती वाचून कोणी हसलं नाही.

मुलीची दोन स्थळं परत गेली. आलेल्या माणसांना पाणी देण्याआधीच आई सगळं सांगून टाकायची. तिसऱ्या खेपेला मिस्त्री आला, आपल्या मुलासाठी.

"बसा. पण आधी एक सांगायचं आहे," तिने सुरुवात केली.

मिस्त्री उभ्याउभ्याच हसला. "राहू द्या, वहिनी. मी घर बघायला आलोच नाही. घर मी वहीत वाचलंय."