दोन शब्द

नाटकाआधी ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिलेले देणगीदार नवलाखे चाळीस मिनिटं झाली तरी बसेनात. त्यांना बसवायला प्रेक्षक टाळ्या पिटू लागले, तर हा माणूस खूश होऊन हात जोडी आणि पुन्हा सुरू!

नायिकेचा मेकअप करून मी विंगेत धुमसत होते. घंटेकडे हात नेला तसं संस्थेच्या सचिवांनी मनगटच धरलं. "शैलाताई, हा सेट त्यांच्या पैशाचा आहे. पुढचं नाटकही त्यांच्याच जिवावर आहे."

"मग त्यात नायिका त्यांनाच करा!"

हात हिसडून मी तिसरी घंटा दिली आणि माइक घेतला. "रसिकहो, विनोदी प्रवेश संपला. आता नाटक."

टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. या खेपेला त्यांचा अर्थ नवलाखेंना बरोबर कळला.