लाकडी मूठ

तोकुहिरोकाका लेकीला घेऊन ओकायामातल्या माझ्या दुर्बिणींच्या दुकानात आले. नव्या धूमकेतूला शोधणाऱ्याचं आडनाव मिळतं, म्हणून उभा जन्म ते पहाटेचं आभाळ चाळत आले होते. जुन्या दुर्बिणीची हातानं गुळगुळीत झालेली लाकडी मूठ त्यांनी पिशवीतून काढली. "नव्या स्टँडला ही बसेल?" "बाबा, मूठ कशाला? बटण दाबलं की दुर्बीण आपोआप वळते," लेक करवादली. "खांदा गेलाय, हट्ट मात्र तसाच!" मी रिमोट काकांच्या हातात दिला. "यादीतलं नाव निवडा, काका. दुर्बीण तिकडे जाते." काका धूमकेतूंची नावं सरकवत राहिले. "हा माझा शेजारी. हा शाळासोबती." मग थबकून विचारलं, "आणि ज्याला अजून नावच नाही?" "तो यंत्राला सापडत नाही," मी खरं ते सांगितलं. "मलाही नाही सापडला." मूठ काउंटरवर ठेवून काका म्हणाले, "हे बटणाचं यंत्रच द्या."