टेकडीची माती

फ्रान्समधल्या कोत-रोतीच्या उभ्या चढावरच्या द्राक्षमळ्यांतून पावसाने माती वाहून खाली आली, की गास्पारच्या घरचे ती पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर नेत. आता ते काम यंत्रमुंग्या करतात. कुठला कण कुठल्या ओळीतला, हेही त्यांना कळतं.

आज त्यांनी ओंजळभर करडी भुकटी त्याच्या उंबऱ्याशी आणून टाकली.

"बाबा, ही म्हणे आपल्या टेकडीची नाही. फेकू?" लेकीने विचारलं.

"थांब, ओदिल. तुझी आई आहे ती."

राख तो एकटाच जाऊन वरच्या वेलींखाली पसरून आला होता.

"चाळीस वर्षं माती वाहिली तिने इथे. आणि ही यंत्रं तिला परकी ठरवतात!"

त्याने माळ्यावरची टोपली काढली.

"पुढच्या पावसात पुन्हा खाली आणतील, बाबा."

"आणू देत," टोपलीचे पट्टे आवळत तो म्हणाला. "नाहीतरी मला दुसरं काम कुठे ठेवलंय त्यांनी?"