चुंबकाचं बूच

क्रेनच्या गिअरबॉक्सचं झाकण निघालं आणि मिस्त्री मटकन खालीच बसला.

आत मोठ्या चाकाचे चार दात मुळापासून गेले होते. उरलेल्यांच्या अंगावर देवीच्या वणांसारखे खड्डेच खड्डे. तेल मात्र नितळ होतं. माझ्या तेलात बघून भांग पाडा, असं मिस्त्री ज्याला त्याला छातीठोकपणे सांगायचा, आणि ते काही खोटं नव्हतं.

सकाळी पाळी सुरू होताच याच क्रेनवरून दोन टनांचा साचा सुटला होता. खाली मिस्त्रीच्या बहिणीचा नवरा काम करत होता. जीव वाचला, पण पायाचं काय होणार ते दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

"हे एका दिवसात झालेलं नाही," तपासणीला आलेल्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. "दात दातावर लाखो वेळा दाबला जातो. पोलाद आतून थकतं, बारीक तडा जातो, मग वरची खपली उडते. महिनोन्‌महिने उडत असणार. तेलाच्या बुचाला चुंबक आहे ना? त्याच्यावर काही दिसलं नाही?"

"दिसायचं की! कीस चिकटलेला असायचा." अशातही मिस्त्रीच्या आवाजात जरा ऐट आली. "दर महिन्याला बूच काढून पुसायचो, मॅडम. आधी चिमूटभर निघायचा. अलीकडे तर चमचाभर निघत होता. पण एक कण म्हणून राहू दिला नाही मी."

"कुणाला सांगितलंत?"

"घाण होती ती. त्यात सांगायचं काय?"

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मिस्त्री, तो कीस म्हणजे हेच दात होते."

मिस्त्री त्या खड्ड्यांकडे बघत राहिला. किती महिने? आठ? नऊ? दर महिन्याला चाक त्याला काहीतरी दाखवत होतं आणि तो ते फडक्यानं पुसून, वर शिट्टी वाजवत घरी जात होता.

खिशातला फोन वाजला. बहिणीचा होता. हात तेलकट, म्हणून त्यानं तो जमिनीवरच ठेवला आणि स्पीकर लावला.

"दादा, शुद्धीवर आलेत हे." ती रडत होती. "पाय नाही रे वाचला. गुडघ्याखाली काढावा लागला."

बाईंनी मान खाली घातली.

"पण तुझाच घोर लागलाय त्यांना. मघापासून एकच घोकतायत, त्याला सांग, मनाला लावून घेऊ नकोस. साहेबांनी विचारलं तर माझी साक्ष काढ म्हणावं. त्याच्याइतकं स्वच्छ मशीन अख्ख्या कारखान्यात कुणी ठेवत नाही."

मिस्त्री फडक्यानं हात पुसू लागला.

"हॅलो? दादा, ऐकतोयस ना? हॅलो?"