बांधापलीकडची फवारणी

ड्रोन घरघरत बांधावर आला आणि ओट्यावरच्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लाल झाला. पाठोपाठ अभिमनआबांचा मोबाइल वाजला. पुण्याहून हितेंद्र.

"आबा, गेला ना कॅमेरा परत? त्या ड्रोनच्या रिमोटनं आपलं वायफाय तुटतं. काका मुद्दाम करतोय. आज साक्रीला जा आणि पोलिसात तक्रार द्याच."

"बरं," आबा म्हणाले. पोराचा फोन यायचा तो कॅमेरा बंद पडला की. चालू असला म्हणजे बाप कसा आहे ते न विचारताच दिसायचं.

बायको कमलबाई गेल्यापासून मळ्यातल्या घरात आबा एकटेच होते. त्यातच बांधाच्या मोजणीवरून हितेंद्र आणि त्याच्या काकाचं वाजलं. काका म्हणजे हिलाल, आबांचा पाठचा भाऊ. कमलबाईच्या वर्षश्राद्धाला हिलाल बांध ओलांडून आला, तर कॅमेऱ्यातून हितेंद्रचा आवाज कडाडला, "काका, आमच्या हद्दीत यायचं नाही." हिलाल आल्या पावली परतला. 'थांब' म्हणायला आबांची जीभ रेटली नाही. कॅमेरा ऐकत होता. म्हातारपणी माणूस पोराला भितो, हे काही खोटं नाही.

तेव्हापासून बोलचाल बंद. आणि आता हा छळ. हिलालची सून दिपमाला बचत गटाचा ड्रोन चालवायची. पोळ्यापासून तिनं त्यांच्या कपाशीवर फवारणीचा सपाटाच लावला होता, तीही नेमकी बांधाला लागून. एवढं औषध तर कपाशीलाही सोसायचं नाही. भावाच्या मनात इतकं विष असेल, असं आबांना वाटलं नव्हतं. त्यांना रडूच आलं. मग त्यांनी टोपी घातली, काठी घेतली. साक्रीला जायचंच, पण आधी त्याला तोंडावर विचारायचं.

आपल्या कपाशीतून बांधाकडं जाताना पलीकडून अंगावर तुषार आले. आबांनी उपरण्यानं नाक दाबलं. मग उपरणं खाली केलं. औषधाचा वासच नव्हता. त्यांनी ओला हात हुंगून पाहिला. निव्वळ पाणी होतं.

बांधावर हिलाल बसला होता. पुढ्यात डबा उघडा, त्यात त्याच्या बायकोच्या, भिकुबाईच्या हातचे डाळीचे वाफवलेले फुनके. वाफ अजून गेली नव्हती.

"पाणी काबरं फवारस रे?" आबांनी विचारलं.

हिलालनं ओट्याकडं बोट केलं. "पहिली फवारणीले त्या कॅमेराना दिवा लाल व्हयना, मी दखं. तो आंधया व्हस तवयच तुनासंगे बठता यी. म्हनीसन रोज डबा लिसन वाट दखस. तुनी हद्दीत माले बंदी शे भाऊ. बांध तं दोन्हीसना शे ना?"

कॅमेरा आंधळा असेल तेवढा वेळ भावाशेजारी बसता यावं, म्हणून ही सगळी फवारणी होती. आबा खाली बसले. काठी बाजूला ठेवली. वर ड्रोन घोंघावत होता. पलीकडे रिमोट धरून उभ्या दिपमालानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो उतरवायचं टाळून आणखी एक फेरी घेतली.

मोबाइल वाजला.

"आबा, निघालात का? काका काय करतोय तिकडे?"

आबांनी तोंडातला फुनका सावकाश गिळला.

"फवारणी करी राहिना," ते म्हणाले. "उद्या बी शे."