इंजिन आणि मिसेस पार्जेटर

"वंगण विसरलो? मी?" क्लाइव्हने कॅमशाफ्ट खिडकीच्या उजेडात धरला. "डेस्मंड, लेका, अख्ख्या क्लबात बोंब मारायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी!"

डेस्मंड चहा ढवळत राहिला. त्याच्या जुन्या हिरव्या टू-सीटरचं इंजिन क्लाइव्हने हिवाळाभर खपून नव्याने बांधलं होतं. उन्हाळा यायच्या आत ते खडखडायला लागलं. उघडून बघतात तर काय, झडपा उघडणाऱ्या या दांड्यावरचे नवेकोरे उंचवटे झिजून सपाट! म्हातारा आता विसरायला लागला, अशी कुजबुज सुरू झाली. शुक्रवारी पबमध्ये त्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाची बैठक होती आणि इंजिनांचं काम क्लाइव्हकडून काढून घ्यायचं घाटत होतं. ते गेलं की त्या माणसाकडे उरणार काय? टीव्ही आणि एक चिडकी मांजर.

क्लाइव्हने दांड्याच्या खोबणीत नख घातलं. नखावर बांधणीच्या वेळी लावलेलं लाल वंगण आलं.

"हे काय, जॅम आहे? आता खरं बोल. पहिल्यांदा सुरू केलंस तेव्हा वीस मिनिटं जोरात फिरवलंस ना? मी बजावलं होतं तसं?"

"म्हणजे काय! फिरवलं की."

"मंद नाही ना ठेवलंस? मंद ठेवलं की तेल वर उडत नाही. नवे उंचवटे कोरडेच घासतात."

"छे, छे," डेस्मंड म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले. क्लाइव्हने ते लाल नख पुढे धरलं, तेव्हा डेस्मंडच्याने राहवेना.

"रविवार होता रे! शेजारच्या मिसेस पार्जेटर कुंपणावरून डोकावल्या. म्हणाल्या, 'माझ्याकडे लक्ष देऊ नका हं, चालू द्या तुमचं.'"

"मग?"

"मग काय? बाई इतकं कडक बोलल्यावर कोण चालू ठेवील?"

"अरे भित्र्या! शेजारणीपायी इंजिन मारलंस आणि बिल माझ्या नावावर फाडलंस? शुक्रवारी सगळ्यांसमोर हे सांगायचं. शब्दन् शब्द!"

"सांगतो बाबा," डेस्मंड म्हणाला.

गुरुवारी दुपारपर्यंत क्लाइव्हने नवा कॅमशाफ्ट बसवला, वंगण डेस्मंडच्या नाकासमोर थापलं आणि स्वतःच गाडीत बसला. "या खेपेला अ‍ॅक्सिलरेटरवर पाय माझा. खुद्द बिशप आला तरी काढणार नाही."

इंजिन असं गरजलं की डेस्मंडच्या गॅरेजच्या काचा थरथरल्या. क्लाइव्हचा चेहरा फुलला. तेवढ्यात कुंपणावर आधी गवती हॅट आली, मग तिच्याखालचं गोड हसू.

"नाही, नाही, मला काही त्रास नाही!" मिसेस पार्जेटर ओरडून म्हणाल्या. "डोकं काय, सकाळपासूनच दुखतंय!"

क्लाइव्हचा पाय आपसूक वर आला. त्याने टोपी काढली. "सॉरी हं, मिसेस पार्जेटर! आणि गुलाब काय सुरेख आलेत यंदा!"

बाईंनी प्रत्येक गुलाबाची हकीकत सांगितली. इंजिन खालच्या आवाजात कुरकुरत ती ऐकत राहिलं. मध्येच बोलणं तोडायची दोघांचीही छाती झाली नाही. बाई आत गेल्या तेव्हा नवे उंचवटेही घासून झडपांची टकटक चांगली ऐकू येत होती.

डेस्मंडने हळूच विचारलं, "मग? उद्या क्लबात काय सांगू?"

क्लाइव्हने बराच वेळ हात पुसले.

"सांग," तो म्हणाला, "वंगण मीच विसरलो म्हणून."